ब्रेक बदलताना : एका गाडीचे भाग दुसऱ्या गाडीला

(भाषणाचा मजकूर)



मोटारगाडीविषयी बोलणे निघाले की तिच्या वेगाची, ताकदीची आणि इंधनाच्या बचतीची चर्चा होते. गाडी थांबते कशी, हा प्रश्न मात्र बहुधा ती वेळेवर न थांबल्यानंतरच विचारला जातो. वास्तविक पाहता, चालणारे यंत्र जितके महत्त्वाचे तितकेच थांबविणारे यंत्रही महत्त्वाचे आहे. इंजिन बंद पडले तर प्रवास खोळंबतो. ब्रेक निकामी झाला तर प्रवाशाच्या आणि रस्त्याने चालणाऱ्या निरपराध माणसाच्या जिवावर बेतते.

जुनी गाडी जपून वापरणाऱ्या मालकाला केव्हा ना केव्हा असे वाटू लागते की, तिचे ब्रेक आजच्या रहदारीला पुरे पडत नाहीत. अशा वेळी एक उपाय हमखास सुचविला जातो. दुसऱ्या एखाद्या मोठ्या किंवा नव्या मॉडेलचे पुढचे ब्रेक जुन्या बाजारातून आणावेत आणि या गाडीला बसवावेत, हा तो उपाय होय. खर्च कमी, काम एका दिवसाचे आणि ब्रेक 'एकदम कडक', असे त्याचे वर्णन केले जाते. हा उपाय सर्वस्वी चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. काही गाड्यांच्या बाबतीत तो विचारपूर्वक योजला गेला आहे आणि यशस्वीही झाला आहे. परंतु तो केव्हा यशस्वी होतो आणि केव्हा घातक ठरतो, हे समजून घेतल्यावाचून पान्याला हात लावणे योग्य नव्हे. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

ब्रेक काय काम करतो?

धावणाऱ्या गाडीच्या अंगी गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा नाहीशी करता येत नाही. तिचे रूपांतर करावे लागते. ब्रेक घर्षणाने तिचे उष्णतेत रूपांतर करतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. म्हणूनच ब्रेक हे मूलतः उष्णता पेलणारे साधन आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

एक हजार किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या ठिकाणी सुमारे १३९ किलोजूल ऊर्जा असते. साधारण ४०० ग्रॅम थंड पाण्याला उकळी आणण्यास एवढी उष्णता पुरते. वेग ताशी ८० किलोमीटर झाला की हीच ऊर्जा सुमारे २४७ किलोजूल होते. वेग एक-तृतीयांशाने वाढला, तर ऊर्जा पाऊणपटीहूनही अधिक वाढली. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा शाळेत शिकविला जाणारा नियम रस्त्यावर असा प्रत्ययास येतो.

घाटाचा उतार तर याहून कठीण परीक्षा घेतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना उंची सुमारे ५०० मीटरनी कमी होते. तीच एक हजार किलोग्रॅम वजनाची गाडी तेवढी उंची उतरते, तेव्हा सुमारे ४,९०० किलोजूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगावरून पस्तीस वेळा पूर्णपणे थांबण्याइतके हे काम आहे. यांपैकी काही भाग हवेचा विरोध उचलतो, तर खालच्या गिअरमध्ये गाडी असल्यास बराच भाग इंजिन उचलते. चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर तो भार जवळजवळ सर्वच ब्रेकवर येतो. 'ज्या गिअरमध्ये चढ, त्याच गिअरमध्ये उतार' या चालकांच्या जुन्या वचनामागे हेच शास्त्र आहे.

ड्रम आणि डिस्क

जुन्या गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत. पिंपाच्या झाकणासारख्या फिरत्या ड्रमच्या आत दोन अर्धवर्तुळाकार शू असतात. पेडल दाबले की ते फाकतात आणि त्यांवरील लायनिंग ड्रमला आतून घासते. या रचनेचा एक मोठा गुण आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच अधिक घट्ट ओढून घेतो आणि त्यामुळे पायाला कमी जोर पुरतो. दोषही तेवढाच मोठा आहे. उष्णता आतल्या आत कोंडते, ड्रम तापून प्रसरण पावतो व शूपासून दूर सरकतो, लायनिंगची पकड कमी होते आणि पेडल खोल जाऊ लागते. पाणी शिरल्यास ते सुकेपर्यंत ब्रेक लागत नाही.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक लोखंडी चकती उघड्यावर फिरते आणि कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅड दाबून तिला पकडतो. चकतीला वारा लागतो, त्यामुळे ती लवकर निवते. पाणी उडून जाते. तापलेली चकती पॅडपासून दूर न सरकता उलट किंचित जाड होते. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार गाडी विजयी झाली आणि या रचनेकडे सर्वांचे लक्ष वेधले. १९५५ मध्ये सित्रोएन कंपनीच्या डीएस या गाडीने त्या प्रवाशांच्या रोजच्या वापरात आणल्या. पुढे बहुतेक मोटारींच्या निदान पुढच्या चाकांना तरी डिस्क आल्या.

साहजिकच, ड्रम ब्रेकच्या जुन्या गाडीचा मालक डिस्ककडे आशेने पाहतो.

मॉरिस मायनरचे उदाहरण

या बाबतीत इंग्लंडमधील मॉरिस मायनर या गाडीचे उदाहरण उद्बोधक आहे. अॅलेक इसिगोनिस यांच्या कल्पनेतून उतरलेली ही छोटी गाडी १९४८ मध्ये लोकांसमोर आली आणि १९७१ पर्यंत तयार होत राहिली. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार होय. भारताशीही तिचे नाते आहे. हिंदुस्थान मोटर्सने ती आपल्याकडे 'बेबी हिंदुस्थान' या नावाने बांधली होती. पुढे २०१४ पर्यंत तयार होत असलेली आणि शासकीय वाहन म्हणून सर्वांच्या परिचयाची असलेली अॅम्बॅसडर ही मॉरिसच्याच ऑक्सफर्ड मॉडेलवरून घेतलेली होती.

मायनरला चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. आरंभी तिचे इंजिन ९१८ घन सेंटिमीटरचे व बेताच्या ताकदीचे होते, आणि सात इंची ड्रम त्या वेगाला पुरेसे होते. १९६२ मध्ये १,०९८ घन सेंटिमीटरचे इंजिन आले, तेव्हा कारखान्याने पुढचे ड्रमही आठ इंची केले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ताकद वाढविणाऱ्याने थांबविण्याची सोयही त्याच वेळी वाढविली. गाडीत अधिक शक्तीचे इंजिन बसविणाऱ्या हौशी मालकांना हे भान नेहमीच राहते असे नाही.

कारखान्याचे उत्पादन थांबल्यावरही हजारो मायनर रस्त्यावर राहिल्या आणि भोवतालची रहदारी अधिक वेगवान झाली. तेव्हा मालकांनी प्रथम रायली १.५ या गाडीचे मोठे ड्रम मायनरला लावले. रायली १.५ ही मायनरच्याच तळबांधणीवर उभारलेली असल्याने ते जुळले. नंतर १९७१ मध्ये आलेल्या मॉरिस मरीना या गाडीकडे लक्ष गेले. मरीनाची पुढच्या चाकांची टांगणी मायनरच्या टांगणीवरूनच घेतलेली होती. पिळाच्या सळईची स्प्रिंग तीच आणि दांडीचा शॉक अॅब्झॉर्बर तोच. त्यामुळे मरीनाचे स्टब ॲक्सल, हब, चकती आणि कॅलिपर हा सारा संच मोजक्या जुळवाजुळवीने मायनरला बसविता येऊ लागला.

या यशाचे खरे कारण दोन्ही गाड्यांच्या नात्यात आहे. एकाच घराण्यातील हे भाग होते. चाकाचा भार कोणत्या बेअरिंगवर येतो, सुकाणूचा सांधा कोठे असतो, चाक वळताना कोणत्या रेषेभोवती फिरते, या गोष्टी आरेखन करणाऱ्या अभियंत्यांनीच मुळात सारख्या ठेवल्या होत्या. दोन अनोळखी गाड्यांचे भाग वेल्डिंगच्या बळावर एकत्र आणणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. भोक जुळले म्हणजे भाग जुळला, असे होत नाही.

दाबाचे गणित

परंतु नाते असलेल्या गाड्यांचे भाग जुळल्यानेही काम संपत नाही. ब्रेक ही एक साखळी आहे. पेडल, मास्टर सिलिंडर, नळ्या, होज पाइप, कॅलिपर, चकती, चाक आणि टायर हे तिचे दुवे. एक दुवा बदलला की इतर दुव्यांवरील भार बदलतो.

ब्रेक ऑइलच्या यंत्रणेचा पाया पास्कलच्या नियमात आहे. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो. लहान पिस्टनवर दिलेला थोडा जोर मोठ्या पिस्टनवर अधिक होऊन मिळतो; पण त्याची किंमत अंतराच्या रूपाने द्यावी लागते. शिक्षकांना हा नियम वर्गात सहज दाखविता येईल. औषधाच्या दोन पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, सुया काढून रबरी नळीने जोडाव्यात आणि त्यांत रंगीत पाणी भरावे. लहान पिचकारीचा दट्ट्या बोटाने दाबला की मोठीचा दट्ट्या वर ठेवलेले पुस्तक उचलतो, पण फारच थोडा सरकतो. जोर वाढला, अंतर घटले.

हेच गाडीत घडते. कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटर व्यासाचा होता आणि त्याऐवजी दुसऱ्या मॉडेलचा ५४ मिलिमीटरचा बसविला, असे समजू. व्यासातील फरक डोळ्यांना लहान वाटतो, परंतु क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. तेवढ्याच दाबाला २७ टक्के अधिक जोर मिळतो खरा. मात्र पिस्टन तेवढाच सरकविण्यासाठी मास्टर सिलिंडरला २७ टक्के अधिक ऑइल ढकलावे लागते. जुन्या मास्टर सिलिंडरकडे तेवढी फेक शिल्लक नसेल, तर पेडल तळाला टेकते आणि ब्रेक मात्र अर्धाच लागलेला असतो. यावर उपाय म्हणून मोठा मास्टर सिलिंडर बसविला, तर पेडलची चाल कमी होते, पण पायाला जोर अधिक लावावा लागतो. मिळालेला लाभ तेथे परत जातो.

ड्रमवरून डिस्कवर जाताना यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली अशी की, ड्रमच्या शूला मिळणारी आपोआप ओढ डिस्कमध्ये नसते. म्हणून डिस्क लावल्यावर ब्रेक हलका होण्याऐवजी जड झाल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते. मायनरच्या पुढच्या प्रत्येक चाकाला दोन सिलिंडर आणि दोन्ही शू ओढ घेणारे होते. त्यामुळे तिच्या चालकाला हा फरक विशेष जाणवतो आणि बूस्टर बसविण्याचा विचार करावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की, ड्रमसाठी बनविलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब कायम राखणारी एक झडप असते. ड्रममधील स्प्रिंगा तो दाब सहज पेलतात. कॅलिपरला अशा स्प्रिंगा नसल्यामुळे त्याच दाबाने पॅड चकतीला सतत घासत राहतात. चकती तापते, ऑइल तापते आणि काही मैलांनंतर ब्रेक आपोआप पकडू लागतो. मरीनाच्या डिस्क मायनरला लावताना या झडपेची व्यवस्था न केल्यास हाच अनुभव येतो.

मायनरचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चासीच्या पोकळीत असतो आणि ऑइलची पातळी पाहण्यासाठी तळावरचा गालिचा उचलावा लागतो. डिस्कचे पॅड झिजतात तसतसे कॅलिपरमध्ये अधिक ऑइल साठत जाते आणि टाकीतील पातळी खाली जाते. जे दिसत नाही ते पाहण्याचा कंटाळा केला जातो. तो येथे महागात पडतो. शिवाय या जुन्या गाडीत सर्व चाकांना मिळून एकच नळीमार्ग आहे. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकाच वेळी जातो. नव्या डिस्कला जुनेच होज जोडणे हा म्हणूनच अक्षम्य निष्काळजीपणा ठरतो.

पुढचे आणि मागचे

ब्रेक लागला की गाडीचे नाक खाली जाते, हे प्रत्येक प्रवाशाने अनुभवलेले आहे. भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर येतो. एक हजार किलोग्रॅमची, सव्वादोन मीटरहून थोडे कमी चाक-अंतर असलेली गाडी जोरात थांबविली, तर सुमारे पावणेदोनशे किलोग्रॅम भार असा पुढे सरकतो. पुढचे ब्रेक मागच्यांपेक्षा मोठे असण्याचे कारण हेच होय, आणि सुधारणेचा विचार पुढच्या चाकांपासून सुरू होतो तोही याचमुळे.

तथापि, या प्रमाणालाही मर्यादा आहे. अंतिमतः गाडीला टायर आणि रस्ता यांच्यातील पकड थांबविते. जुने ब्रेकही कोरड्या रस्त्यावर चाक जाम करू शकत असतील, तर मोठ्या ब्रेकने एका वेळेचे थांबण्याचे अंतर कमी होणार नाही. पुढचा जोर अवाजवी वाढविल्यास ओल्या रस्त्यावर पुढची चाके आधी जाम होतील, सुकाणू फिरवूनही गाडी वळणार नाही, आणि मागच्या ब्रेकची क्षमता मात्र न वापरता पडून राहील. हा तोल साधण्याच्या नादात मागचे ब्रेक बेहिशेबी वाढविले, तर परिणाम अधिक भयंकर होतो. मागची चाके आधी जाम झाली की गाडी स्वतःभोवती फिरते.

तेव्हा मोठ्या ब्रेकचा खरा लाभ कोणता? तो उष्णता पेलण्यात आहे. पहिल्या वेळी गाडी जशी थांबली तशीच दहाव्या वेळीही थांबावी, घाटाच्या माथ्यावर पेडल जसे होते तसेच पायथ्यालाही असावे, यासाठी मोठी चकती उपयोगी पडते. ज्याची गाडी गावातल्या गावात चालते आणि जिचे टायर गुळगुळीत झालेले आहेत, त्याने ब्रेक बदलण्यापूर्वी टायर बदलणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

बसविताना घ्यावयाची काळजी

सर्व विचारांती असा बदल करण्याचे ठरलेच, तर पुढील बाबी पाहणे अगत्याचे आहे.

जुन्या बाजारातून आणलेल्या चकतीची जाडी मायक्रोमीटरने मोजावी. किमान जाडी बहुधा चकतीवरच कोरलेली असते. तिच्याहून पातळ चकती कितीही चकचकीत असली तरी टाकून द्यावी. चकतीला तडे नसावेत आणि हबवर बसविल्यावर ती डुगडुगू नये. कॅलिपरचे पिस्टन गंजलेले नसावेत. रबरी सील नवीच घालावीत. जुन्या गाड्यांच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची भुकटी फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

चाक बसवून पाहिल्यावाचून कामाची सांगता करू नये. कॅलिपर आणि चाकाची आतील बाजू यांत पुरेशी मोकळी जागा असली पाहिजे. सुकाणू दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत फिरवून, चाक वर-खाली करून, होज कोठे ताणला जात नाही आणि टायरला घासत नाही, हे पाहिले पाहिजे. मायनरच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक असते. तिच्या पुढच्या टांगणीचा खालचा, आटे असलेला सांधा वेळच्या वेळी ग्रीस न मिळाल्यास झिजतो आणि एखाद्या दिवशी चाक आडवे पडते. ब्रेकसाठी तो भाग उघडलेला असताना हा सांधा न तपासणे म्हणजे दार बदलून मोडकी चौकट तशीच ठेवण्यासारखे आहे.

कॅलिपर डावे-उजवे असतात. अदलाबदल झाल्यास हवा काढण्याचे निपल खालच्या बाजूस येते. हवा नेहमी वर जाते. ती तेथेच अडकून राहते आणि कितीही ऑइल काढले तरी पेडल स्पंजासारखे लागते. या साध्या चुकीपायी कित्येक कारागिरांचे कित्येक तास वाया गेले आहेत.

ब्रेक ऑइल नवे आणि बंद डब्यातलेच वापरावे. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, परंतु ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावलेल्या ऑइलसाठी तो १४० अंशांपर्यंत खाली येतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उकळलेल्या ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल एकाएकी रिकामे जाते. कोकणासारख्या दमट हवेच्या प्रदेशात ऑइल ठरावीक मुदतीत बदलण्याचे महत्त्व यावरून ध्यानी येईल. इंजिनचे किंवा इतर खनिज तेल चुकूनही या यंत्रणेत घालू नये. त्याने रबरी सील फुगतात आणि निकामी होतात.

काम पूर्ण झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या व सपाट जागी, अगदी कमी वेगाने घ्यावी. नवे पॅड चकतीवर बसण्यासाठी काही काळ मध्यम जोरानेच ब्रेक लावावा. त्यानंतर ब्रेक तपासणीच्या रोलर यंत्रावर डाव्या आणि उजव्या चाकाचा जोर स्वतंत्रपणे मोजून घ्यावा. 'चालवून पाहिली, चांगली थांबते' हा अभिप्राय पुरेसा नाही. एका बाजूस ओढणारी गाडी कोरड्या रस्त्यावर फसवून जाते आणि पहिल्या पावसात खरे रूप दाखविते.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांविषयीचे नियम बरेच सैल आहेत. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूलतः न बदललेल्या गाड्यांना २०१८ पासून तेथे वार्षिक तपासणीतून सूट आहे आणि सुरक्षिततेसाठी ॲक्सल व चाकांच्या यंत्रणेत केलेली सुधारणा हा मूलभूत बदल समजला जात नाही. परंतु तेथे चालते ते येथेही चालेल, असे गृहीत धरता येणार नाही.

आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या सुधारणा अधिनियमाने, नियमांत परवानगी नसलेल्या रीतीने वाहनात भाग बसवून बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. कॅलिपरचा उल्लेख नोंदणी प्रमाणपत्रात नसतो, ही पळवाट समजून कोणी निर्धास्त राहू नये. हात लावण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. अपघातानंतर केलेला खुलासा कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

आजच्या गाड्यांच्या बाबतीत तर हा मोह सर्वस्वी टाळावा. त्यांच्या चाकांचे जाम होणे रोखणारी विद्युत्-नियंत्रित यंत्रणा मूळ चकती, मूळ कॅलिपर आणि मूळ टायर यांच्या हिशेबाने बांधलेली असते. त्यांतील एक भाग बदलला की तिचा हिशेबच चुकतो.

मूळ ब्रेकची निगा

एक गोष्ट अखेरीस सांगितली पाहिजे. ब्रेक कमी पडतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्या जुन्या गाड्यांत बऱ्याचदा मूळ ब्रेक कमी पडत नसून ते दुर्लक्षित असतात. लायनिंग तेलकट झालेले असते, ड्रम अंडाकृती झिजलेले असतात, शूचे अंतर जुळविलेले नसते, ऑइल कित्येक वर्षांत बदललेले नसते. मूळ यंत्रणा कारखान्याच्या मापात आणली, तर पुष्कळ मालकांना दुसऱ्या गाडीच्या भागांची गरजच उरत नाही. म्हणून पहिला खर्च दुरुस्तीवर आणि दुसरा, गरज उरल्यास, सुधारणेवर असा क्रम असावा.

शासकीय अथवा जिल्हा परिषदेच्या वाहनांच्या दुरुस्तीची देयके तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनाही या माहितीचा उपयोग आहे. 'ब्रेक बदलले' या दोन शब्दांवर समाधान न मानता त्यांनी काही प्रश्न विचारावेत. पॅड किंवा लायनिंग दोन्ही बाजूंचे जोडीने बदलले काय? भाग त्याच मॉडेलचे आहेत काय? ऑइल बदलले काय? चाचणी घेतली काय आणि तिची नोंद कोठे आहे? गावातील मुलांना शाळेत नेणारी वाहने पंचायत सदस्यांच्या रोजच्या नजरेसमोर असतात. गाडी ब्रेक लावताना एका बाजूस ओढते, चालक पेडल दोन-दोनदा दाबतो, चाकाजवळ जळका वास येतो, ही लक्षणे ओळखण्यास अभियंता असावे लागत नाही. ती दिसताच वाहन थांबविण्याचा आग्रह धरणे हे सदस्याचे कर्तव्यच ठरते.

मायनरच्या मालकांनी मरीनाचे ब्रेक लावले ते नाते ओळखून, मापे घेऊन आणि साखळीतील प्रत्येक दुवा तपासून. ज्यांनी एवढे केले त्यांच्या गाड्या सुधारल्या. ज्यांनी केवळ मोठी चकती पाहून ती बसविली, त्यांनी जुना, ओळखीचा दोष काढून नवा, अनोळखी दोष घरात आणला. चालकाला आपल्या जुन्या ब्रेकची उणीव ठाऊक असते आणि तो बेताने चालवितो. बदललेल्या ब्रेकवर मात्र तो विश्वास टाकून वेग वाढवितो. तो विश्वास मोजमापाने आणि चाचणीने सार्थ ठरविला पाहिजे. कारण त्याच्या परीक्षेचा क्षण येतो, तेव्हा समोर रस्ता ओलांडणारे एखादे मूल असू शकते.